प्रिंट निघेल ना?

ताईच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकायचं ठरलं तेव्हा तिच्यापुढे मी बरंच काही मांडलं होतं. पैसे लागत नाहीत, व्हायरसची कटकट कमी, दहा वर्षांचं रखडत चालणारं यंत्र पुन्हा पळायला लागेल, आपण काय करतो यावर कोणाची नजर राहणार नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. सांगलीत प्राथमिक शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेली बाई. समोरचा बोलत असताना मध्ये तोंड घालायचं नाही, ही सवय तिनं पोरांना लावता लावता स्वतःलाही लावून घेतली आहे. मी थांबल्यावर तिनं एकच विचारलं, ‘‘सगळं खरं रे, पण प्रिंट निघेल ना?’’

ती एका महिला बचत गटाचे हिशेब लिहिते. महिन्याच्या सभेत आकडे पडद्यावर दाखवून चालत नाही, प्रत्येकीच्या हातात कागद लागतो. मी ‘निघेल’ म्हणालो खरा, पण डॉक्टर ज्या आवाजात ‘बघू’ म्हणतात त्या आवाजात.

हे पुस्तक त्या प्रश्नातून निघालं. डेस्कटॉप लिनक्स सामान्य माणसाला जमण्याइतकं सोपं आहे का, या प्रश्नाला दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक, ‘अगदी सोपं, आमची आजीसुद्धा वापरते’. दुसरं, ‘छे, ते इंजिनिअर लोकांचं काम’. दोन्ही आपापल्या जागी खरी आहेत आणि दोन्हींचा ताईला उपयोग शून्य. कारण दोन्ही उत्तरं सोपेपणा यंत्राच्या आत शोधतात. दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात चहा करायला गेलं की साखरेचा डबा सापडत नाही. म्हणून ते स्वयंपाकघर अवघड ठरत नाही. आणि घरातलं कोणी ‘वरच्या फळीवर, डाव्या हाताला’ असं सांगणारं असलं तर चहा पाच मिनिटांत होतो. यंत्राचा सोपेपणा निम्मा यंत्रात असतो आणि निम्मा असा हाकेच्या अंतरावर असतो. लिनक्सनं पहिला निम्मा भाग बराचसा कमावला आहे. दुसऱ्याचं काय, हे पाहण्यासाठी ही प्रस्तावना.

गंमत अशी, की या साऱ्या कथेची सुरुवातच एका प्रिंटरपासून होते. १९८० च्या सुमाराला अमेरिकेतल्या एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत झेरॉक्स कंपनीचा एक लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा. आधीच्या प्रिंटरला हाच आजार होता, पण त्याचा प्रोग्राम हाताशी असल्यानं तिथले रिचर्ड स्टॉलमन यांनी त्यात बदल करून ठेवला होता : कागद अडकला की ज्यांची कामं रांगेत आहेत त्यांना निरोप जायचा, कोणीतरी उठून कागद काढायचं. नव्या प्रिंटरच्या प्रोग्रामचा मूळ मजकूर कंपनीनं दिलाच नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या एका संशोधकाकडे तो होता, पण कोणाला देणार नाही असा करार करून तो बसला होता. स्टॉलमन रिकाम्या हातानं परतले. २७ सप्टेंबर १९८३ रोजी त्यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, त्यामागच्या कारणांत हा नकार ते आजवर सांगत आले आहेत. वापरणाऱ्याला प्रोग्राम वाचता यावा, बदलता यावा, दुसऱ्याला देता यावा, हा त्यांचा आग्रह. पुढे २५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या पोरानं आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असल्याचं जाहीर केलं. ग्नूची अवजारं आणि लिनसचा गाभा एकत्र आले आणि आज आपण ज्याला लिनक्स म्हणतो ते उभं राहिलं.

यात एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. ज्यांनी हे बांधलं त्यांनी ते स्वतःसाठी बांधलं. प्रोग्राम बदलता येण्याचं स्वातंत्र्य ज्याला हवं होतं त्याला बदलता येतही होतं. ताईसारखी बाई त्या चित्रात नव्हती. शेतकऱ्यानं आपल्या हातापुरती बनवलेली विळ्याची मूठ दुसऱ्याच्या तळहाताला टोचते, तसं ते अनेक वर्षं बाकीच्यांना टोचत राहिलं.

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस आमच्यापैकी अनेकांना लिनक्स भेटलं ते पीसीक्वेस्ट मासिकासोबत येणाऱ्या सीडीतून. ते बसवणं हा एक विधी होता. मॉनिटरची सिंक फ्रिक्वेन्सी किती, हे त्याच्या माहितीपत्रकातून शोधून हातानं भरावं लागे आणि चुकीचा आकडा भरल्यास मॉनिटर बिघडू शकतो, असा इशाराही सोबत असे. घराघरांत आलेले स्वस्त मोडेम निम्मं काम विंडोजकडून करून घ्यायचे, त्यामुळे लिनक्सवर ते मुके व्हायचे. म्हणजे अडचण सोडवायला इंटरनेट हवं, आणि अडचण इंटरनेटचीच. त्या काळात ज्यांनी लिनक्स पाहिलं आणि कानाला खडा लावला, त्यांचं काही चुकलं नाही. फक्त तो खडा आता काढून बघायला हरकत नाही.

सामान्य वापरणाऱ्याचा विचार ठरवून झाला तो १९९६ च्या ऑक्टोबरात. जर्मनीतल्या ट्यूबिंगेनमध्ये शिकणाऱ्या मातियास एट्रिश यानं केडीई प्रकल्पाची हाक दिली. सगळ्या खिडक्या, बटणं, मेनू एकाच वळणाचे असावेत आणि वापरणाऱ्याला आतली भानगड माहीत असायची गरज पडू नये, ही त्याची कल्पना. त्यात वापरलेल्या एका घटकाचा परवाना पुरेसा मुक्त नाही, म्हणून १९९७ मध्ये मेक्सिकोच्या मिगेल दे इकासा यांनी फेदेरिको मेना यांच्यासोबत ग्नोम हा दुसरा प्रकल्प सुरू केला. परवान्याचा तंटा पुढे मिटला. दोन घरं मात्र वेगळी झाली ती झालीच, आणि नंतर त्यांना पोटघरं फुटत गेली. स्वातंत्र्याचा हा स्वभावच आहे. पटलं नाही की वेगळी चूल. जाणत्याला यात आनंद. नवख्याला मात्र बाजारात पाऊल टाकण्याआधीच शंभर दुकानांच्या पाट्या वाचाव्या लागतात.

२००४ च्या ऑक्टोबरात उबंटू हे लिनक्स आलं. दक्षिण आफ्रिकेचे उद्योजक मार्क शटलवर्थ यांनी पैसा ओतला, दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती देण्याचं वेळापत्रक बांधलं आणि मागेल त्याला पोस्टानं फुकट सीडी पाठवल्या. भारतात कित्येकांच्या कपाटात ते पाकीट अजून सापडेल. उबंटूच्या दोषांच्या यादीत पहिल्या क्रमांकाचा दोष शटलवर्थ यांनी स्वतः नोंदवला होता : बाजारात मायक्रोसॉफ्टचं बहुमत आहे. २०१३ मध्ये त्यांनी तो ‘सुटला’ म्हणून बंदही केला. पण सुटला तो डेस्कटॉप लिनक्समुळे नव्हे. लोकांचं संगणनच फोनवर गेलं होतं आणि तिथे मायक्रोसॉफ्टला फारशी जागा उरली नव्हती.

इथे जरा थांबायला हवं. ज्या अँड्रॉइड फोनवर आज खेड्यातली आजी नातवाला व्हिडिओ कॉल लावते, त्याच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. तिला ते अवघड गेलं नाही. का? फोन बनवणाऱ्यानं त्याचा कॅमेरा, स्पीकर, वायफाय आधीच जुळवून दिलं होतं. ते तिला बसवावं लागलं नाही. आणि अडलं तर गल्लीतलं कोणतंही पोर सांगू शकत होतं. ज्या घरात हे तिन्ही मिळालं तिथे लिनक्स इतकं सोपं झालं की कोणाला त्याचं नावही कळलं नाही. डेस्कटॉपवर या तीनपैकी बहुधा एकही मिळत नाही, आणि खरं कोडं तिथे आहे.

आता आजची स्थिती. ताईच्या लॅपटॉपवर मी लिनक्स मिंट टाकलं. पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू करून आधी नुसतं चालवून पाहिलं. आतल्या डिस्कला हात न लावता हे करता येतं, आणि वायफाय, आवाज, कॅमेरा चालतो की नाही ते तिथेच कळतं. मग बसवलं. भाषा, कीबोर्ड, वेळ, नाव, पासवर्ड विचारून झाल्यावर अर्ध्या तासात काम संपलं. खाली डाव्या कोपऱ्यात मेनू, उजवीकडे घड्याळ, मध्ये फोल्डर. ताईनं पहिल्याच संध्याकाळी फायरफॉक्स उघडून वीजबिल भरलं. आपल्या आयुष्यातलं संगणकाचं बहुतेक काम आता ब्राउजरमध्येच गेलं आहे : सातबारा, रेल्वेचं तिकीट, बँकेचं खातं, नातीच्या शाळेचा फॉर्म. ब्राउजरला खाली कोणती जमीन आहे याचं सोयरसुतक नसतं. हिशेबासाठी लिब्रेऑफिसचं कॅल्क, पत्रांसाठी रायटर, गाण्यांसाठी व्हीएलसी. बाईला तीन दिवसांत काही विचारावंसं वाटलं नाही, हे मला स्वतःला चमत्कारिक वाटलं.

त्याच आठवड्यात माझ्या एका मित्रानं, जो कर सल्लागार आहे आणि संगणकात ताईच्या दसपट हुशार आहे, लिनक्स चार दिवसांत काढून टाकलं. त्याचंही बरोबर होतं. टॅली विंडोजवर चालतं. डिजिटल सहीचा डोंगल आणि त्याला लागणारे प्रोग्राम बहुधा विंडोज गृहीत धरून लिहिलेले असतात. पक्षकारांच्या एक्सेल फायलींत मॅक्रो भरलेले. लिब्रेऑफिस त्या उघडतं, पण आतली यंत्रणा सगळीच हलेल असं नाही. लग्नपत्रिका आणि जाहिराती करणाऱ्याचंही तेच : त्याचं पेजमेकर, कोरल ड्रॉ, फोटोशॉप, आणि वीस वर्षांत जमवलेले मराठी फाँट, सगळी चूल विंडोजच्या ओट्यावर मांडलेली. म्हणून नवख्यालाच लिनक्स जड जातं, ही समजूत पुसून टाकावी. ज्याच्या गरजा थोड्या त्याला ते जमतं, आणि ज्याला आतलं सगळं कळतं त्याला तर जमतंच. अडकतो तो मधला, ज्यानं एका विशिष्ट प्रोग्रामवर आपला धंदा उभा केला आहे आणि ज्याच्या बोटांना त्याचे सगळे शॉर्टकट पाठ आहेत. त्याला ‘पर्याय उपलब्ध आहे’ असं सांगणं म्हणजे तबलजीला ‘पखवाजही चामड्याचाच असतो’ असं सांगण्यासारखं आहे.

खेळणाऱ्या पोरांचं चित्र मात्र गेल्या काही वर्षांत पालटलं. व्हॉल्व्ह कंपनीनं २०१८ मध्ये प्रोटॉन आणलं आणि विंडोजसाठी लिहिलेले खेळ लिनक्सवर चालू लागले. २०२२ मध्ये आलेलं तिचं स्टीम डेक हे हातातलं यंत्र लिनक्सवरच चालतं. लबाडी पकडणारी यंत्रणा थेट विंडोजच्या गाभ्यात बसवणारे काही ऑनलाइन खेळ तेवढे चालत नाहीत.

आणि प्रिंटर? ताईला तीन दिवसांत काही विचारावंसं वाटलं नाही. चौथ्या दिवशी सभा होती. तिच्याकडचा जुना छोटा लेझर प्रिंटर काही केल्या कागद ओढेना. कारण साधं आहे. अशा स्वस्त प्रिंटरला स्वतःची अक्कल थोडी असते. पान कसं दिसावं हे संगणक ठरवतो आणि कंपनीच्या खासगी भाषेत प्रिंटरला कळवतो. त्या भाषेचा दुभाष्या, म्हणजे ड्रायव्हर, कंपनीनं लिनक्ससाठी नीट लिहिला नाही किंवा लिहून सोडून दिला, की कोणीतरी हौशी माणसानं अंदाजानं भाषा शिकेपर्यंत प्रिंटर आणि संगणक एकमेकांकडे पाहत बसतात. मी तीन तास घालवले. शेवटी ताईनं पीडीएफ फोनवर घेतली आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन वीस प्रती मारून आणल्या. मला एक शब्द बोलली नाही. शिक्षिकेचं न बोलणं काय असतं ते ज्यांनी भोगलं आहे त्यांना सांगायला नको.

याच दुखण्यावर औषध आलं ते अनपेक्षित वाटेनं. फोनवरून प्रिंट मारायची सोय लोकांना हवी झाली. फोनमध्ये प्रत्येक कंपनीचा वेगळा ड्रायव्हर कोण टाकणार? म्हणून २०१० नंतर प्रिंटर एक सामायिक भाषा बोलू लागले. तीच भाषा लिनक्सलाही येते. आजचा वायफायचा प्रिंटर बहुधा ड्रायव्हर न मागता आपोआप यादीत दिसतो. डेस्कटॉप लिनक्सला जमलं नव्हतं ते पुन्हा एकदा फोननं करून दिलं.

अडचणीच्या वेळी लिनक्स आपल्याशी कोणत्या भाषेत बोलतं, हा दुसरा नाजूक भाग. २०२१ च्या नोव्हेंबरात कॅनडाचे यूट्यूबवर गाजलेले तंत्र-समीक्षक लायनस सेबास्टियन यांनी नवख्यांसाठी चांगलं म्हणून नावाजलेलं पॉप ओएस हे लिनक्स वापरून पाहिलं. त्यांना खेळांसाठी स्टीम बसवायचं होतं. खिडकीतून जमेना, म्हणून त्यांनी टर्मिनल, म्हणजे आज्ञा टंकायची खिडकी, उघडलं. नेमक्या त्या दिवसांत एका पॅकेजमध्ये गफलत होती. पडद्यावर लांबलचक मजकूर आला, त्यात अत्यावश्यक गोष्टी काढल्या जातील असा इशारा होता आणि पुढे जायचं तर ‘होय, मी सांगतो तसं कर’ अशा अर्थाचं वाक्य टंकायला सांगितलं होतं. त्यांनी ते टंकलं. संगणकानं आज्ञा पाळली आणि सगळा डेस्कटॉपच पुसून टाकला. यावर जाणत्यांचं म्हणणं पडलं, इशारा तर दिला होता! दिला होता हे खरं. पण ज्याला एक खेळ बसवायचा आहे त्याच्या डोक्यात ‘यानं डेस्कटॉप जाईल’ हे येणारच नाही, आणि सरकारी फॉर्मवरच्या बारीक अक्षरांतल्या अटींखाली आपण जशी सही ठोकतो तसाच तो पुढे जाईल. त्या घटनेनंतर पॅकेज बसवणारा प्रोग्राम दुरुस्त झाला. इशारा देणं आणि समोरच्याला तो कळणं यांत अंतर आहे, हे मात्र दुरुस्तीपेक्षा मोलाचं.

आता त्या दुसऱ्या निम्म्या भागाकडे, हाकेच्या अंतराकडे येऊ. विंडोज सोपं आहे असं आपण म्हणतो तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी ते स्वतः बसवलेलं असतं? ते दुकानातून येतानाच आत असतं, किंवा गल्लीतला संगणकवाला ‘संध्याकाळी घेऊन जा, फॉरमॅट मारून ठेवतो’ म्हणतो. बिघडलं की त्याच्याकडे, स्लो झालं की त्याच्याकडे. महाराष्ट्रात या शतकाच्या सुरुवातीपासून लक्षावधी लोकांनी एमएस-सीआयटीचा वर्ग केला, सरकारी नोकरीसाठी ते प्रमाणपत्र लागतं म्हणूनही केला, आणि तिथे बहुतेकांचा हात बसला तो विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिसवर. जे आपल्याला आपसूक येतं असं वाटतं ते कोणीतरी, कधीतरी, फी घेऊन शिकवलेलं असतं.

याची उलट बाजू केरळात दिसते. तिथल्या सरकारी शाळांत २००१ साली आयटी ॲट स्कूल प्रकल्प सुरू झाला आणि काही वर्षांतच तो मुक्त सॉफ्टवेअरवर गेला. आता काइट ही राज्य सरकारची कंपनी शाळांसाठी उबंटूवर बेतलेलं स्वतःचं लिनक्स तयार करते, शिक्षकांना प्रशिक्षण देते, पाठ्यपुस्तकंही त्याच प्रोग्रामांवर लिहिलेली असतात. तिथल्या पोराला लिनक्स सोपं की अवघड हा प्रश्न पडत नाही. शाळेतला संगणक असाच असतो, एवढंच त्याला माहीत. केरळची मुलं आपल्या मुलांपेक्षा वेगळ्या मेंदूची नाहीत. फरक एवढाच, की त्यांच्या बाई वर्गात होत्या.

युरोपातल्या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहाव्यात. म्युनिक शहराच्या महापालिकेनं २००३ मध्ये विंडोज सोडायचं ठरवलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर सुट्टी अर्धवट टाकून महापौरांना भेटायला आले होते. महापालिका बधली नाही. २०१३ पर्यंत सुमारे पंधरा हजार संगणक लिनक्सवर आले. आणि २०१७ मध्ये त्याच महापालिकेनं विंडोजकडे परतण्याचा ठराव केला. सत्ता बदलली होती, बाहेरच्या कचेऱ्यांशी कागदपत्रांची देवाणघेवाण करताना घोळ होत होते, आणि संगणक सांभाळणारी माणसं वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेली होती. फ्रान्सच्या जांदार्मरीनं, म्हणजे तिथल्या लष्करी शिस्तीच्या पोलिस दलानं, वेगळी वाट धरली. २००५ मध्ये त्यांनी विंडोज तसंच ठेवून फक्त ऑफिसचे प्रोग्राम बदलले, मग ब्राउजर आणि ईमेल. लोकांचा हात बसल्यावर २००८ पासून खालचं विंडोज काढून उबंटू सरकवलं. शिपायाच्या दृष्टीनं पडद्यावर फारसं काही बदललंच नाही. ते हजारो संगणक अजून लिनक्सवर आहेत. घर बदलायच्या आधी नवी भांडी जुन्याच घरात वापरून पाहावीत, हे शहाणपण त्यांना सुचलं आणि या पुस्तकानं ते सरळ उचललं आहे.

मराठीबद्दल दोन शब्द. लिनक्सवर मराठी नीट दिसतं, आणि त्यात पुण्यातल्या माणसांचा वाटा आहे. रेड हॅटनं खुले केलेले लोहित फाँट अनेक वर्षं लिनक्सवरच्या देवनागरीचा कणा होते. त्यांचं बरंचसं काम कंपनीच्या पुण्याच्या कचेरीत झालं. ‘दऱ्या’, ‘वऱ्हाड’, ‘कुऱ्हाड’ यांतला तो पापणीसारखा अर्धा र हिंदीला लागत नाही, त्यामुळे हिंदीपुरता विचार करून बनवलेल्या फाँटमध्ये तो हमखास पडायचा. ल आणि श यांची मराठी वळणंही वेगळी. या गोष्टींसाठी कोणीतरी हट्टानं बसावं लागतं. टंकायला इन्स्क्रिप्ट मांडणी आणि उच्चारानुसारी मांडणी दोन्ही मिळतात. अडचण दोन ठिकाणी आहे. एक, जुन्या श्रीलिपी, कृतिदेव वगैरे फाँटांत केलेल्या फायली. त्या युनिकोडमध्ये नसल्यानं फाँट नसेल तर निरर्थक अक्षरांचा ढीग दिसतो. दुसरी, मेनूंची मराठी. ती अनेकदा अर्धी आणि पुस्तकी असते. ज्या बाईला शेजारीण ‘सेव्ह कर’ म्हणून सांगणार आहे, तिला पडद्यावर ‘संचयित करा’ दिसलं तर दोघी गोंधळतात. या पुस्तकात म्हणूनच लोक म्हणतात तेच शब्द ठेवले आहेत.

हे सगळं आत्ताच का? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि ठरावीक नव्या पिढ्यांचे प्रोसेसर लागतात. ताईच्या लॅपटॉपसारखी धडधाकट पण ‘वयात न बसणारी’ यंत्रं घरोघरी पडून आहेत. त्यांच्या मालकांना नवा लॅपटॉप घेणं, जोखीम पत्करून जुनंच चालवणं किंवा लिनक्स टाकून पाहणं, यांतलं काहीतरी निवडावं लागणार आहे. तिसरी वाट प्रत्येकानं धरावी असा माझा आग्रह नाही. माझ्या कर सल्लागार मित्राला मी स्वतः पहिली वाट दाखवली.

पुस्तकाची रचना या विचारातूनच आली. पहिल्या भागात लिनक्स जवळपास नाहीच. आहे त्या विंडोजवर फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, व्हीएलसी महिनाभर वापरायचं. दुसऱ्या भागात पेनड्राइव्हवरून लिनक्स नुसतं पाहायचं आणि एक यादी भरायची : वायफाय, आवाज, कॅमेरा, आणि प्रिंटर. यादीत फुली आली तर तिथेच थांबायला मोकळीक आहे. तिसऱ्या भागात फायलींची प्रत बाहेर काढून मग बसवणं. चौथा मराठीचा. पाचवा बिघाडाचा, टर्मिनल तिथे येतं, त्याआधी नाही, आणि कोणती आज्ञा काय करते हे मराठीत कळल्याशिवाय ती टंकायची नाही, हा त्या भागाचा एकमेव नियम आहे. शंभर प्रकारच्या लिनक्सची तुलना इथे मिळणार नाही. मी एकच निवडलं आहे, कारण नवख्याला बाजारपेठेपेक्षा एका ओळखीच्या दुकानाची गरज जास्त असते.

आणि मुखपृष्ठ उलटल्यावर पहिल्याच पानावर एक रिकामी ओळ आहे : ‘अडलं तर कोणाला विचारायचं?’ तिथे एका जिवंत, फोन उचलणाऱ्या माणसाचं नाव लिहायचं. नाव सुचलं नाही तर पुस्तक जरूर वाचावं, पण तिसरा भाग तूर्त करू नये. डेस्कटॉप लिनक्स सामान्य माणसाला जमेल का, याचं माझं उत्तर ती ओळ भरली जाते की नाही यावर अवलंबून आहे.

ताईच्या बाबतीत ते नाव माझं होतं. तिच्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून तीन वर्षं झाली. पहिल्या वर्षी तिचे फोन आठवड्याला यायचे, मग महिन्याला, आता सणावारी येतात आणि त्यात लॅपटॉपचा विषय नसतो. जुना प्रिंटर तिनं भंगारात दिला आणि वायफायचा घेतला. तो मी सांगलीला पोचण्याआधीच तिनं जोडला होता. गेल्या दिवाळीत या पुस्तकाची कच्ची प्रत झेरॉक्स करून मी तिच्याकडे ठेवली. बचत गटातल्या शेजारणीनं ती वाचायला नेली. तिचाही लॅपटॉप विंडोज ११ नं नाकारलेला. चार दिवसांनी ती प्रत घेऊन परत आली तेव्हा मी तिथेच होतो. पहिल्या पानावरच्या ओळीत तिनं निळ्या शाईनं ताईचं नाव लिहिलं होतं.

‘‘बाई, बाकी सगळं कळलं,’’ ती म्हणाली, ‘‘पण प्रिंट निघेल ना?’’

ताई चष्मा शोधत उठली. ‘‘निघेल की नाही ते मग सांगते. आधी तुझा प्रिंटर दाखव.’’